वरण घरीही मिळते!

सहलीहून परतलेल्या मंडळींना 'जपान कसा वाटला?' असे विचारावे, तर बहुधा पहिले उत्तर येते, 'जेवणाची सोय उत्तम हो! रोज वरणभात!' आयुष्यभराची पुंजी मोडून हजारो मैल जायचे, आणि चाखायचे काय, तर आपल्याच घरचे वरण! सहली काढणाऱ्यांशी माझे भांडण नाही. गिऱ्हाईक मागते तेच ते विकतात. भांडण आहे ते आपल्या भीतीशी.

भाषा येत नाही, हरवलो तर? अहो, टोकियोच्या भुयारी गाड्यांच्या स्थानकांना रोमन अक्षरांत नावे आहेत, वर क्रमांकही आहेत. २००१ साली निघालेले 'सुइका' कार्ड फाटकावर टेकवावे आणि आत जावे, एवढेच काम. रेल्वेचा पास मात्र डोळे मिटून घेऊ नये. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० वर गेला. टोकियो ते क्योतो जाऊन-येऊन साधे तिकीट सुमारे २८,०००. बेरीज आपल्याला येतेच की! मोठ्या पेट्या गाडीत ओढीत नेण्याऐवजी हॉटेलातूनच 'ताक्युबिन'ने पुढच्या मुक्कामी धाडाव्यात. बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात.

आता मुक्काम. 'र्‍योकान' या जुन्या वळणाच्या खाणावळवजा निवासात जोडे दारातच काढायचे, चटईवर बसायचे, रात्री जमिनीवर गादी घालून निजायचे. यात मराठी माणसाला परके ते काय? पण तिथेही आम्हाला पलंगच हवा!

राहता राहिले जेवण. शाकाहाऱ्यांची अडचण खरी आहे, ती मी नाकारीत नाही. नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही. सूपाचे मूळ पाणी, म्हणजे 'दाशी', बहुधा सुक्या माशाचे असते. ते कशाचे आहे, हे विचारलेच पाहिजे. पण कोयासान डोंगरावरील बौद्ध मंदिरांत राहण्याची सोय आहे, आणि तिथल्या 'शोजिन' जेवणात मांस, मासे तर नाहीतच, परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य! आपल्या चातुर्मासातही चालेल असे ताट तिथे शतकानुशतके वाढले जात आहे, आणि आम्ही मात्र पिठल्यासाठी बसमध्ये बसून राहतो. जेवून उठताना बक्षिसी ठेवू नये. तिथे तशी रीत नाही.

ज्यांना पथ्य आहे, वय झाले आहे, त्यांनी मेतकूट खुशाल न्यावे. त्यात कमीपणा नाही. पण धडधाकट माणसांनी, विशेषतः मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्यांनी, दिवसातून एक जेवण तरी त्या देशाच्या हातचे जेवावे, एक प्रवास तरी स्वतः तिकीट काढून करावा. नाहीतर मुले एवढेच शिकतील, की जग म्हणजे बसच्या काचेबाहेरचे चित्र. तेवढ्यासाठी विमानाचे भाडे कशाला? भिंतीवरचे कॅलेंडर पुरे.