पेटीतला कोरडा ऋतू

घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांतून सव्हाना घोरपडी अमेरिका-युरोपात जातात आणि काचेच्या पेट्यांत पाळल्या जातात. (आपली घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पाळणे गुन्हा आहे, तेव्हा वाचकांनी मोहात पडू नये.) तिकडच्या पाळणाऱ्यांत एक वाद आहे: या प्राण्यांना मायदेशातल्यासारखा कोरडा, अर्धपोटी ऋतू मुद्दाम द्यावा काय?

मायदेशी ही घोरपड पावसाळ्यात नाकतोडे, भुंगेरे खाऊन पोटात चरबी साठवते. पाऊस सरतो, किडे दिसेनासे होतात, आणि मग कित्येक महिने ती त्या चरबीवरच निभावते. ज्याची हयात बँकेत गेली त्याला हा व्यवहार चटकन कळतो. पेटीत मात्र बारा महिने सुगी, तीही किड्यांऐवजी उंदरांची. भरणा रोज, उचल कधीच नाही. लठ्ठ झालेल्या अशा कितीतरी घोरपडी यकृत बिघडून अकाली मरतात.

मग ठेवा उपाशी! हे उत्तर मला अर्धेच वाटते. रानात कोरड्या दिवसांत घोरपड उन्हात तळत बसत नाही. ती आडोशाला, बिळात शिरते, हालचाल थांबवते, शरीराचा खर्चच कमी करते. उत्तर ऑस्ट्रेलियात गोल्डची घोरपड कोरड्या महिन्यांत निपचित पडून असते, तर तिचीच ठिपकेवाली बहीण पाणथळीजवळ राहत असेल तर त्याच महिन्यांत शिकार करत हिंडते. ऋतू एकच, पण घरोघरी त्याचा अर्थ निराळा.

पेटीत असतो भुश्शाचा पातळ थर आणि डोक्यावर तापलेला दिवा. ही जागा रानातल्या बिळापेक्षा आधीच कोरडी. तिथे दिवा तसाच ठेवून अन्नपाणी तोडले, तर प्राणी आतून सुकतो, युरिक आम्ल साचते आणि मूत्रपिंडे जातात. ‘निसर्गात असेच असते’ म्हणणाऱ्यांना हेही ठाऊक असावे, की निसर्गातला दुष्काळ पिल्ले मारतो. त्याची नक्कल कुणाला हवी आहे?

आधी हात-दीड हात खोल, दमट माती द्यावी, म्हणजे तिला बीळ खणता येईल. उंदीर बंद करून किडे द्यावेत. पाणी कधीही तोडू नये. एवढे झाल्यावर धष्टपुष्ट, प्रौढ घोरपडीचे खाणे काही आठवडे खुशाल कमी करावे. पिल्लाचे, आजारी किंवा गाभण मादीचे नाही. वजन मात्र नियमित करावे. शेपटीच्या बुडाशी हाडे दिसू लागली की कॅलेंडरात कोणताही महिना असो, पावसाळा सुरू करावा.