काचेच्या पेटीतील देणे

कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँकेत एक मूलभूत प्रश्न विचारला जातो : परतफेड कोठून होणार? तारण किती आणि जामीनदार कोण, हे प्रश्न त्यानंतरचे. नोकरीच्या सर्व वर्षांत मी हा प्रश्न असंख्य व्यापाऱ्यांना विचारला. मात्र स्वतःच्या कुटुंबात, एका काचेच्या पेटीच्या बाबतीत, तो विचारावयाचा राहून गेला. त्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात आणि दुकानाच्या गल्ल्याजवळ अशी पेटी आहे; म्हणून ही हकीकत केवळ आमच्या घरची राहत नाही.

माझे धाकटे बंधू धुळ्याला असतात. आग्रा रोडवर दुकान, वर घर. त्यांचा नातू दहावीत आहे. मुलगा अभ्यासू, सालस. परंतु जलचरांचा विलक्षण नाद. गोड्या पाण्यातील मासे पाळून झाल्यावर त्याने सागरी टाकी मांडण्याचा हट्ट धरला. दोनशे लिटरची टाकी आली. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, तेही स्वयंपाकातले नव्हे, तर सागरी क्षारांचे खास मिश्रण. दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदलावयाचे, म्हणजे सातशे ग्रॅम क्षार हवेत. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंशांत राहिले पाहिजे. खानदेशात वैशाखात पारा ४५ च्या घरात जातो. माणसे ओल्या पंचावर दुपार काढतात आणि त्या पेटीला मात्र पाणी थंड ठेवणारे यंत्र, शिवाय वीज गेल्यास इन्व्हर्टर! बंधूंनी नातवाच्या प्रेमापोटी सर्व खर्च सोसला. मीही कौतुकच केले. विचारले काहीच नाही.

मुंबईहून आणलेल्या सामानात एक सच्छिद्र दगड होता. विक्रेत्याच्या भाषेत ‘जिवंत खडक’. दगडावर आणि त्याच्या छिद्रांत सूक्ष्म जीव असतात व ते पाणी शुद्ध राखतात, म्हणून सागरी टाकीत तो ठेवतात. महिना-दीड महिना सर्व सुरळीत चालले. मग रात्री पेटीतून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. काच तडकते की काय, म्हणून घरात धास्ती. सकाळी पाहावे तर काच शाबूत; पण वाळूत शंखांचे तुकडे. काच स्वच्छ ठेवण्यासाठी सोडलेल्या लहान गोगलगाई एकेक करून नाहीशा होत होत्या. पुढे एक मासाही दिसेनासा झाला. एके रात्री नातवाने विजेरीवर लाल कागद लावून पाहिले. दगडाच्या छिद्रातून देठावर बसविल्यासारखे दोन डोळे बाहेर आले होते आणि ते दोन्ही निरनिराळ्या दिशांना फिरत होते.

तो ‘मॅन्टिस श्रिम्प’ होता. नावात श्रिम्प असले, तरी तो खरा झिंगा नव्हे. खेकडे-झिंग्यांचा दूरचा भाऊबंद असा हा स्वतंत्र गण आहे आणि त्याच्या साडेचारशेच्या आसपास जाती ज्ञात आहेत. प्रार्थना कीटकासारखे पुढचे पाय दुमडून बसतो, म्हणून हे नाव. काही जाती भाल्यासारख्या पायांनी भक्ष्य भोसकतात, काही मुद्गलासारख्या पायांनी शंख-शिंपले फोडतात. आमचा पाहुणा दुसऱ्या प्रकारचा, जेमतेम दोन इंचांचा, हिरवट-तपकिरी. याच प्रकारातील मोरपंखी रंगाची जात जगभरातील हौशी लोक मुद्दाम विकत घेऊन पाळतात.

नातवाने मला या प्राण्याविषयी जे जे सांगितले, ते ऐकून मी खरोखर थक्क झालो. २००४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोरपंखी जातीच्या ठोशाचा वेग मोजला. तो सेकंदाला २३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरहून अधिक भरला. हा वेग केवळ स्नायूंच्या बळाचा नाही. पायातील कमानीसारखा भाग ताणून खिळीने अडकवून ठेवलेला असतो. खिळी सुटली की धनुष्यातून बाण सुटावा तसा पाय सुटतो. त्या वेगाने पाण्यात बुडबुडे निर्माण होतात आणि ते फुटताना भक्ष्याला दुसरा तडाखा बसतो. १९९८ साली इंग्लंडमधील ग्रेट यार्मथ येथील एका सागरी प्रदर्शनगृहात ‘टायसन’ नावाच्या अशाच प्राण्याने टाकीची पाव इंच जाडीची काच फोडली होती. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी बारा प्रकारच्या असतात, आपल्या डोळ्यांत तीन. असा जीव पाहून मुलाला मोह पडला, यात त्याचा काय दोष?

परंतु प्रश्न पुढेच होता. हा जीव पूर्णपणे मांसाहारी. शेवाळ, डाळ, पोळी यांपैकी काहीही त्याला चालत नाही. चातुर्मास सुरू झालेला, घरात हिरवी भाजीदेखील बंद. आणि एके दिवशी सुनेच्या ध्यानात आले की, मुलगा गोठवलेल्या कोळंबीचे तुकडे आणून त्याला घालतो. ते तो एका मित्राच्या घरी फ्रीजमध्ये ठेवीत असे. घरात वादळ उठले. त्या रात्री बंधूंनी मला दूरध्वनी केला आणि दुसऱ्या दिवशी मी जळगावहून धुळ्याला गेलो.

मुलगा रडत नव्हता. त्याने मला सरळ विचारले, “मोठे दादाजी, त्याला मारले तर पाप. उपाशी ठेवले तर पाप. खाऊ घातले तरी पाप. मग मी करू तरी काय?”

मला तत्काळ उत्तर देता आले नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांतील पहिला बंध, म्हणजे जीवाला कोंडून ठेवणे. शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जीवाचे खाणेपिणे तोडणे. मुलाने शास्त्र न वाचता नेमक्या याच दोन टोकांमध्ये सापडल्याची तक्रार केली होती.

धाकटी भावजय मोठी धर्मनिष्ठ. तिने मार्ग काढला की, मासा पंचेंद्रिय आहे, शंखातला जीव द्वींद्रिय. तेव्हा मासा न देता गोगलगाई द्याव्यात, दोष कमी लागेल. हा हिशेब चुकीचा नव्हता. तथापि तो व्याजाचा हिशेब होता. मुद्दल जागेवरच होते. असा प्राणी काही वर्षे जगतो. तितकी वर्षे दर आठवड्याला कोणाचा तरी जीव विकत आणावयाचा, आणि तोही आपण होऊन.

सुनेने सुचविले की, त्याला पांझरेत सोडून द्यावे. पण नदीचे पाणी गोडे. त्यात हा सागरी जीव थोड्याच वेळात तडफडून मेला असता. ती सुटका नव्हे, वधच. समुद्रात सोडावे, तर कोणत्या? तो कोणत्या किनाऱ्यावरून आला, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. परक्या किनाऱ्यावर सोडलेला प्राणी आणि त्याच्याबरोबर टाकीतून जाणारे रोगजंतू तेथील जीवांना अपाय करू शकतात. दयेने सोडलेला एक जीव शेकडो जीवांच्या मुळावर यायचा.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांची यादी आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. व्यापारी म्हणून आपण त्यातील विषवाणिज्य, दंतवाणिज्य, दवदान यांकडे लक्ष देतो. पंधरावे असतीपोषण मात्र आपण वाचून पुढे जातो. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना द्रव्यासाठी पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर इत्यादींचे पोषण गणले आहे. आमच्या घरी द्रव्याचा हेतू नव्हता, हौस होती. तरीही त्या यादीमागील व्यवहारज्ञान मला त्या दिवशी उमगले. हिंस्र जीव दुष्ट म्हणून ही सूचना नाही. त्याला आपल्या पदरी घेतले की त्याच्या आहाराची हिंसा आपल्या खात्यावर पडते, म्हणून आहे. समुद्रात तो शंख फोडतो तेव्हा तो त्याचा स्वभाव. आपल्या पेटीत फोडतो तेव्हा शंख आपण आणलेला असतो.

या ठिकाणी दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालयाची आठवण झाली. तेथे आपल्या समाजातर्फे जखमी पक्ष्यांवर विनामूल्य उपचार होतात. शाकाहारी पक्ष्यांना बरे होईपर्यंत ठेवून घेतात. घार, ससाणा यांसारख्या शिकारी पक्ष्यांनाही नाकारीत नाहीत. औषधोपचार करतात, पण मुक्कामी ठेवीत नाहीत. पूर्वी मला हा नियम थोडा कठोर वाटे. आता त्यातील विवेक कळतो. जीवाची काळजी घेणे आणि जीव ताब्यात ठेवणे ही दोन वेगळी खाती आहेत. पहिले उघडावयास कधीही हरकत नाही. दुसरे उघडण्यापूर्वी परतफेडीचा विचार हवा.

शेवटी मुंबईतील एका परिचितांच्या ओळखीने मार्ग निघाला. तेथील एका गृहस्थांकडे अशाच प्राण्यासाठी वेगळी टाकी रिकामी होती. पिशवी फुटण्याचे भय, म्हणून जाड प्लास्टिकच्या बरणीत, बॅटरीवरच्या हवेच्या पंपासह, नातू स्वतः मांडीवर घेऊन गेला. परतताना त्याने विचारले, “तेथे तो काय खाईल?”

“येथे खात होता तेच.”

“मग आपण केले काय?”

मी खरे ते सांगितले. आपण खाते बंद केलेले नाही, दुसऱ्या शाखेत वर्ग केले आहे. देणे शिल्लकच आहे. फक्त ते यापुढे वाढविणार नाही, एवढे आपल्या हाती आहे.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. तो ‘जिवंत खडक’ मृत प्रवाळाचा सांगाडा होता. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंगतीत. विकणाऱ्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. टाकी मोडल्यावर तो दगड आम्ही लेखी अर्जासह वन विभागाकडे जमा केला. उरलेले दोन मासे त्याच मुंबईच्या गृहस्थांकडे गेले.

संवत्सरीला प्रतिक्रमण करून नातू माझ्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, “मी गोगलगाईंनाही मिच्छा मि दुक्कडं म्हटले.” किती गोगलगाई होत्या, हेही त्याने मोजून ठेवले होते. अकरा.

आता आपल्या पेट्यांविषयी. वास्तूसाठी ठेवलेल्या आठ सोनेरी व एक काळ्या माशाच्या टाकीत आपण सकाळी चिमूटभर खाद्य टाकतो. त्या डबीवरील घटकांची यादी एकदा वाचून पाहावी. बहुतेक खाद्यांत पहिला घटक माशांची भुकटी असतो. आपल्याच किनाऱ्यावर कोळंबीच्या जाळ्यांत मॅन्टिस श्रिम्पही मोठ्या प्रमाणात सापडतो. खाण्यास फारसा उपयोगी नसल्याने त्यातील पुष्कळसा माल अशा भुकटीकडे किंवा खताकडे जातो. जो प्रश्न आमच्या घरी कोळंबीच्या तुकड्यांनी उघड्यावर आणला, तो अनेकांच्या घरी रंगीत डबीत झाकलेला आहे.

ज्यांच्याकडे टाकी आहे, त्यांनी ती आज रिकामी करावी, असे मी म्हणणार नाही. पदरी असलेला जीव नीट सांभाळावा. त्याला नदी-तलावात सोडू नये. नवा जीव आणण्यापूर्वी मात्र चार गोष्टी विचाराव्यात. हा काय खातो? किती वर्षे जगतो? कोठून आणला? आणि उद्या आपल्याकडून सांभाळ झाला नाही, तर हा कोणाकडे जाईल? यांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर प्रकरण नामंजूर करावे.

मुलाच्या जिज्ञासेचे काय, असे कोणी विचारील. ती मारू नये. गेल्या हिवाळ्यात मी त्याला मुंबईत ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर घेऊन गेलो. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातील जाणकार मंडळी लोकांना खडकांमधून फिरवून किनाऱ्यावरचे जीव दाखवितात. तेथे खेकडे पाहिले, समुद्रफुले पाहिली, दगडाला चिकटलेले शंख पाहिले. मॅन्टिस श्रिम्प दिसला नाही. तीन तास मुलगा वाकून पाहत होता. हात त्याने पाठीमागे बांधून ठेवले होते. तसे करण्यास त्याला कोणी सांगितले नव्हते.

जय जिनेंद्र.