ठासणीची बंदूक आणि पिकांची राखण

हिंगोली जिल्ह्यांतील शेतकऱ्यास रानडुकरांचा उपद्रव समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. सेनगांव-कळमनुरीकडील सोयाबीन असो, औंढ्याच्या माळावरील तूर असो किंवा वसमतकडील ऊस असो, पीक हातीं येण्याच्या सुमारास एका रात्रींत कळप शिरतो आणि सकाळीं धन्यास उकरलेली जमीन तेवढी पाहावयास मिळते. रोह्यांना तर रात्रीचीही गरज लागत नाहीं. अशा वेळीं बंदुकीचा परवाना मागावयास जाणाऱ्या शेतकऱ्यास कायदा काय देऊं करतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचें कलम १३ पिकांच्या संरक्षणासाठीं नांव घेतें तें ठासणीच्या बंदुकीचें. हेतु उघड आहे. जी भरावयास वेळ लागतो व जिचा पल्ला थोडा, ती वाईट माणसाच्या हातीं पडली तरी अनर्थ थोडा. हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती बंदूक ज्या भल्या माणसाच्या खांद्यास लागणार, त्याचा विचार यांत झालेला दिसत नाहीं.

ठासणीच्या बंदुकीचा बार म्हणजे हातानें भरलेलें काडतूसच. मात्र तें नळींतच भरावें लागतें. आधीं दारू, मग बोळा, मग शिशाची गोळी अथवा छर्रे, तें सर्व गजानें ठासावयाचें आणि शेवटीं कानावर टोपी चढवावयाची. हा खटाटोप जागलीच्या माळ्यावर, काळोखांत, भाद्रपदाच्या ओलींत करावयाचा! दारू दमट झाली असेल तर टोपी वाजते आणि बार उडत नाहीं. तो उडालाच असें समजून गडबडींत वर दुसरा बार ठासला जातो, आणि पुढच्या खेपेस नळी फुटते. नळींत काय आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं, हा या हत्याराचा मूळ दोष होय. अमेरिकेंतील यादवी युद्धांत १८६३ सालीं गेटिसबर्गच्या रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा करण्यांत आल्या. त्यांपैकीं सुमारे २४ हजार भरलेल्याच निघाल्या, व त्यांतील जवळजवळ निम्म्यांत दोन-दोन बार होते. कवाईत शिकलेल्या शिपायांची ही गत, मग दिवसभर औत हाकून रात्रीं माळ्यावर बसलेल्या माणसाची काय कथा?

त्याच देशांत १८७३ सालीं विंचेस्टर कंपनीनें खटक्याची रायफल काढली. चापाखालील कडी पुढें ढकलून मागें ओढली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें व नवें नळींत जातें. दुकान दूर असल्यामुळें तेथील शेतकरी व गुराखी शिसें साच्यांत ओतून गोळ्या करीत आणि तींच काडतुसें पुन्हा भरीत. जुन्या रायफलींचे शौकीन आजही तसें करितात. पण तें काम मेजावर, उजेडांत, दारू तोलून होतें, आणि चुकलेलें काडतूस वेळींच बाजूस काढतां येतें. भरणें हातचेंच, फरक जागेचा आणि वेळेचा.

म्हणून आपणही घरीं काडतुसें भरावीं, असें मात्र कोणी मनांत आणूं नये. परवान्यावाचून दारूगोळा तयार करणें कलम ५ नें निषिद्ध असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास किमान सात वर्षांची शिक्षा आहे. शिवाय शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडलाच वितळत असल्यानें तें चुलीवर वितळविण्याचा मोह होतो. त्याची धूळ व धूर घरांतील लहान मुलांच्या मेंदूस बाधतात. काडतुसांतील बिनधुराची दारू ठासणीच्या नळींत घालणें तर आत्मघातच. तिचा दाब त्या नळीस सोसत नाहीं.

रायफलही आम्ही मागत नाहीं. तिची गोळी मैलाच्या पलीकडे जाऊं शकते, आणि आपल्या सपाट रानांत पलीकडच्या बांधावर दुसरा जागल्या बसलेला असतो. मागावयाचें तें त्याच कलम १३ च्या परंतुकांतील. ठासणीची बंदूक पुरेशी नाहीं अशी परवाना-अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, निदान वीस इंची नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक त्यास देतां येते. काडतुसाची तशी बंदूक मोडून पाहिली कीं भरलेली आहे कीं रिकामी हें तत्काळ कळतें. परंतुक "देतां येईल" असें म्हणतें, "द्यावीच" असें नाहीं. यास्तव एकट्यादुकट्याच्या अर्जानें काम होणें कठीण.

वन्यजीवांचा कायदा निराळा आहे, हेंही ध्यानांत ठेवावें. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर अथवा रोही मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठीं १९७२ च्या अधिनियमाच्या कलम ११ खालीं वनखात्याची वेगळी परवानगी लागते. तेव्हां संघानें गांववार नुकसानीचे पंचनामे, सातबाऱ्याचे उतारे व जागलीच्या अडचणी एकत्र करून खरिपाच्या पेरणीपूर्वींच जिल्हाधिकाऱ्यांकडे परंतुकाचा स्पष्ट उल्लेख असलेले अर्ज एकाच दिवशीं दाखल करावे, आणि त्यांच्या प्रती वनखात्याकडेही पाठवाव्या.