हात कुणाचा, मस्तक कुणाचे? कॅथलिक प्रार्थनेतील पसरलेले हात आणि वेरूळच्या वाटेवरचा एक हौद

१/ सन १९३४. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. धुळीने माखलेल्या काही जणांनी तेथील हौदाच्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला: अस्पृश्यांनी हौद बाटवला! जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहू दिला गेला, पण कुठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर. अटीच्या पालनासाठी एक सशस्त्र शिपाई सोबत देण्यात आला. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

२/ कॅथलिक पंथातील एका विधीविषयीच्या या धाग्याचा आरंभ मुद्दाम येथून केला आहे. तो विधी म्हणजे दुसऱ्यावर हात पसरून, अथवा त्याच्या मस्तकावर हात ठेवून, प्रार्थना करणे. त्या हातांत ‘शक्ती’ असते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याहून महत्त्वाचा वाटावा असा प्रश्न निराळा आहे: कुणाचा हात कुणाच्या मस्तकावर ठेवला गेला, आणि कुणाच्या मस्तकावर ठेवण्यास नकार दिला गेला?

३/ प्रथम विधीचे स्वरूप. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात तळहात प्रत्यक्ष मस्तकाला टेकतो. गुरुदीक्षेत बिशप तो दीक्षार्थ्याच्या मस्तकावर मूकपणे ठेवतात. दुसऱ्यात स्पर्श नसतो. दृढीकरणाच्या संस्कारात बिशप सर्व उमेदवारांवर एकत्रित हात पसरतात, मिस्सात धर्मगुरू भाकर व द्राक्षरसावर हात धरून पवित्र आत्म्याचे आवाहन करतात, आणि पापनिवेदनानंतर क्षमेचे शब्द उच्चारताना निवेदकाच्या मस्तकावर उजवा हात उगारतात.

४/ याचे मूळ हिब्रू परंपरेत आहे. वृद्ध याकोब नातवांना आशीर्वाद देताना हात उलटसुलट ठेवतो आणि धाकट्याला थोरल्याचा मान देतो. मोशे यहोशवावर हात ठेवून त्याला आपला उत्तराधिकारी नेमतो. आशीर्वाद आणि अधिकार हे दोन्ही अर्थ त्या हाताला असे आरंभापासून चिकटले आहेत. शुभवर्तमानांत तिसरा अर्थ येतो. ज्याला समाजाने दूर ठेवले त्या कुष्ठरोग्याला येशू हात लावतो. शब्दाने बरे करणे शक्य असताना स्पर्श करणे, हा त्या कथेचा गाभा आहे.

५/ हातांतील शक्ती ही हाताची मालमत्ता आहे काय? प्रेषितांच्या कृत्यांत शोमरोनचा जादूगार शिमोन प्रेषितांसमोर पैसे ठेवतो आणि ज्यावर हात ठेवू त्याला पवित्र आत्मा मिळावा असे सामर्थ्य विकत मागतो. पेत्र त्याला कठोरपणे झिडकारतो. चर्चमधील पदांच्या खरेदीविक्रीला युरोपीय भाषांत जे नाव आहे, ते याच शिमोनावरून पडले. म्हणजे चर्चच्या स्वतःच्या शिकवणीनुसार हात हा मागणाऱ्याचा आहे, देणारा निराळा.

६/ आता वेरूळ. येथील १ ते १२ क्रमांकांच्या बौद्ध लेण्यांत हातांचे सारे शास्त्र दगडात कोरलेले आहे. दहाव्या, ‘विश्वकर्मा’ लेण्यात स्तूपापुढे बसलेल्या बुद्धाचे हात उपदेशाच्या मुद्रेत आहेत. भारतीय मूर्तिकलेत सर्वत्र दिसणाऱ्या अभयमुद्रेत तळवा समोरच्याकडे उघडा असतो आणि वरदमुद्रेत तो खाली झुकलेला. ख्रिस्ती आशीर्वादाचा हात थेट अभयमुद्रेवरूनच उचलला, असे विधान समाजमाध्यमांवर अधूनमधून ठामपणे केले जाते.

७/ हे विधान टिकत नाही. हिब्रू ग्रंथांतील हात ठेवण्याची प्रथा बुद्धमूर्ती घडू लागण्याच्या कितीतरी आधीची आहे. शिवाय अर्थही वेगळा. अभयमुद्रेतील हात पूज्याचा आहे. तो भक्ताला ‘भिऊ नकोस’ असे सांगतो. कॅथलिक विधीतील हात एका याचकाचा असतो. तो दुसऱ्या माणसासाठी तिसऱ्याकडे मागतो. दोन आकृत्या सारख्या दिसल्या म्हणजे त्यांचे कूळ एक ठरत नाही. त्यासाठी ग्रंथ, प्रवासी, शिल्पी यांचा दुवा दाखवावा लागतो.

८/ तुलना करायचीच तर ती वेरूळशेजारच्या खुलताबादशी अधिक फलदायी ठरेल. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दख्खनेत आले. त्यांचा दर्गा येथे आहे. सूफी परंपरेत मुरीद पीराच्या हातात हात देऊन ‘बैअत’ करतो आणि एका साखळीत ओवला जातो. कॅथलिक गुरुदीक्षाही अशीच हातामागून हात जोडणारी साखळी आहे. साखळी म्हटली की तिच्यात कुणाला घ्यायचे, हा प्रश्न ओघाने येतोच.

९/ १९४७ मध्ये पोप बारावे पायस यांनी निर्णायक शब्दांत सांगितले की उपधर्मगुरू, धर्मगुरू आणि बिशप या तिन्ही दीक्षांत मस्तकावर हात ठेवणे हीच आवश्यक कृती आहे. बाकीचे उपचार नंतरचे. याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. बिशपने हात आखडता घेतला की पदाचे दार बंद.

१०/ गोव्यात हे दार दीर्घकाळ बंदच होते. दिवाडी बेटावर सुमारे १५९४ मध्ये जन्मलेल्या मातेउश द कास्त्रो यांना गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपांनी धर्मगुरूपदाची दीक्षा नाकारली. ते रोमला गेले. तेथे त्यांच्या मस्तकावर हात ठेवला गेला, आणि १६३७ मध्ये ते बिशप झाले: लॅटिन परंपरेतील पहिले भारतीय बिशप. रोमने त्यांना विजापूरच्या आदिलशाही मुलखाची जबाबदारी दिली. गोव्यातील धर्माधिकाऱ्यांनी मात्र त्यांचा अधिकार मान्य केला नाही. त्यांनी दिलेल्या दीक्षांवरही आक्षेप घेतले.

११/ या कथेला नायक-खलनायकाचा साचा लावू नये. कास्त्रो हे ब्राह्मण कुळातील होते, आणि १६५३ मध्ये त्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध जे लिखाण केले त्याचे नावच ‘ब्राह्मणांचा आरसा’ असे होते. वर्णभेदाविरुद्ध लढणारा हा माणूस जातीचा अभिमान सोडू शकला नव्हता. गोऱ्या हाताने आपले मस्तक नाकारल्याचे दुःख त्यांना होते. पण आपल्या समाजाने ज्यांची मस्तके नाकारली, त्यांचे काय?

१२/ दार हळूहळूच उघडले. १७८७ मध्ये उघडकीस आलेल्या पिंटोंच्या कटात गोमंतकीय धर्मगुरू पुढे होते. वरिष्ठ पदे डावलली गेल्याची चीड हे त्यामागचे एक कारण. मुंबईच्या आर्चबिशपपदी व्हॅलेरियन ग्रेशियस १९५० मध्ये आले आणि १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल झाले. कास्त्रोंपासून येथवर तीनशेहून अधिक वर्षे लोटली.

१३/ पुन्हा वेरूळच्या मुलखात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वैजापूर परिसरातील घोगरगाव येथे गुरियन जाकिए या फ्रेंच धर्मगुरूंनी काम केले. या भागात कॅथलिक झालेले बहुतेक लोक तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले होते. १९७७ मध्ये मराठवाड्यासाठी औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला, तो याच पायावर. दौलताबादच्या हौदावर ज्या लोकांचा स्पर्श पाण्याला चालला नाही, त्याच समाजांतील माणसांच्या मस्तकावर या गावांत चारचौघांदेखत तळहात ठेवला जात होता.

१४/ धर्मशास्त्राच्या ग्रंथांत या विधीचे जे फल सांगितले आहे त्यात ही गोष्ट नाही. युरोपातील खेड्यात मस्तकावर हात ठेवणे हा एक उपचार होता. मराठवाड्यातील गावकुसाबाहेर तोच उपचार सामाजिक विधान ठरला. रोग बरा झाला की नाही, हे इतिहासाला सिद्ध करता येत नाही. विटाळाचा नियम त्या क्षणापुरता मोडला गेला, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. विधीची ऐतिहासिक शक्ती शोधायची तर ती येथे सापडते.

१५/ यावर रास्त आक्षेप असा: हात वर आणि मस्तक खाली, ही रचनाच उतरंडीची आहे. देणारा परका धर्मगुरू, घेणारा दीन. हा आक्षेप उडवून लावता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली. त्या सोहळ्याच्या केंद्रस्थानी होता सर्वांनी मिळून केलेला उच्चार आणि बावीस प्रतिज्ञा. तेथे प्रत्येकाने आपली प्रतिज्ञा आपल्या तोंडाने घेतली.

१६/ कॅथलिकांमध्येही हात काही प्रमाणात सर्वांचा झाला. १९६७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातील गटातून करिश्माई नवचैतन्याची चळवळ उभी राहिली. सत्तरच्या दशकात ती भारतात पसरली. प्रार्थनासभेत सामान्य स्त्री-पुरुष आजारी सोबत्यावर हात पसरून प्रार्थना करू लागले. ज्या स्त्रीला गुरुदीक्षा मिळू शकत नाही, तिचाही हात आता उंचावला.

१७/ त्याबरोबर शिमोनाचा मोहही परतला. रोगमुक्तीचे जाहीर प्रयोग वाढले, तेव्हा १४ सप्टेंबर २००० रोजी कार्डिनल रात्झिंगर यांच्या स्वाक्षरीने व्हॅटिकनने नियम घालून दिले: उन्माद, नाटकीपणा आणि सनसनाटी नको. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार सर्पदंश वा विंचूदंश झालेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हा गुन्हा आहे. प्रार्थनेचा हात रुग्णालयाचे दार अडवू लागला, तर त्याचे समर्थन श्रद्धेच्या नावानेही होऊ शकत नाही.

१८/ २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलितांविषयीच्या धोरणपत्रात मान्य केले की चर्चमध्येही अस्पृश्यता आणि भेदभाव उरला आहे. शतकभर मस्तकांवर हात ठेवूनही जात गेली नाही. विधीतून मिळालेला स्पर्श घराच्या उंबऱ्यापर्यंत, लग्नाच्या मांडवापर्यंत, सत्तेच्या खुर्चीपर्यंत पोहोचला नाही, तर तो विधीपुरताच राहतो.

१९/ म्हणून ‘हातांत शक्ती असते का?’ या प्रश्नाचे उत्तर चमत्कारांच्या यादीत शोधू नये. दिवाडीच्या तरुणाला नाकारणाऱ्या हातात शक्ती होती. घोगरगावात पुढे झालेल्या हातातही होती. दोन्हींचे परिणाम कागदोपत्री आणि माणसांच्या आयुष्यांत तपासता येतात.

२०/ वेरूळला जाणारा आजचा तरुण प्रवासी दौलताबादवरूनच जातो. पुढे लेण्यांत दगडी हात दिसतील, आणि ते सुंदर आहेत. पण त्याआधी किल्ल्यापाशी क्षणभर थांबून, १९३४ साली येथे माणसांवर पहारा बसवला गेला होता आणि तो त्यांनी पाण्याला हात लावू नये म्हणून होता, हे आठवावे. त्यानंतर कुठल्याही धर्मातला आशीर्वादाचा हात पाहिला, की तो कुणापर्यंत पोहोचला आणि कुणापाशी थांबला, हे विचारण्याची सवय लागेल.