खुर्ची मिळाली, पुढे काय?

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातील गावांतही स्त्री सरपंचपदी आली. परंतु कायद्याने खुर्ची मिळते, कारभाराची जाण नव्हे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांकडे तेंदूसारख्या गौण वनोपजाची मालकी सोपविली. तेथे लिलावाच्या अटी आणि जमाखर्च ज्या सरपंचाला उमगत नाहीत, तिचा निर्णय दुसराच कोणी घेतो. बहुधा तिचे पतिराजच!

हा दोष तिच्या बुद्धीचा नव्हे. दारूबंदीसाठी २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेलेल्या स्त्रियांच्या नेतृत्वगुणांविषयी शंका कोण घेईल? उणीव आहे ती जाणत्या मार्गदर्शकाची, आणि दोन दिवसांच्या शिबिराने ती भरून निघत नाही. पूर्वी हे पद भूषविलेल्या स्त्रीने नव्या सरपंचाशेजारी वर्षभर बसावे. गावातील शिक्षकाने, कारकुनाने, महाविद्यालयीन मुलीने तिला कागद समजावून द्यावा. निर्णय मात्र तिच्यावर सोपवावा. समजल्याखेरीज सही करावयाची नाही, हा नेतृत्वाचा पहिला धडा होय.