रिळाचं बटण: बाजूचं की अंगठ्याखालचं?

राजेहो, शेततळ्यावर मरळीसाठी बेटकास्टिंग रीळ घेणार असाल, तर स्पूल मोकळा करायचं बटण आधी पाहा. जुन्या गोल रिळांना ते बाजूला असतं. ते दाबून अंगठा स्पूलवर नेईपर्यंत आमिषाच्या वजनानं स्पूल फिरतो, अन् नवख्याच्या तंगूसाचा गुंता होतो. मागच्या पावसाळ्यात माझा असाच झाला. कापून धुऱ्यावर फेकला, त्यात बगळ्याचा पाय अडकला. सोडवताना जीव वर आला.

अंगठ्याखालच्या पट्टीत दाबणं अन् स्पूल धरणं एकदमच होतं. मासा ओढताना चुकून दाबली तर दोरी सुटते, हे खरं. तरी मी पट्टीच घेईन. अन् कापलेला तंगूस घरी न्या, धुऱ्यावर टाकू नका.