थंड हवेची उस्तवार

होळी झाली की आमच्या लालबागात दोन आवाज एकदमच सुरू होतात. एक मसाला कुटणाऱ्या डंकांचा आणि दुसरा घराघरातल्या एसीचा. मिरच्यांची देठं काढायची, त्यांना ऊन दाखवायचं, मग डंकावर न्यायच्या, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण थंडीभर भिंतीवर गप्प बसलेला एसी मात्र आपण नुसतं बटण दाबून सुरू करतो आणि गार हवेची वाट बघत बसतो. मीही तेच करत होते.

चाळ जाऊन नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा आम्ही एक टनाचा स्प्लिट एसी घेतला. गार हवेचा भाग आत, गरम हवा फेकणारा डबा बाहेर आणि दोघांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या, एवढंच मला ठाऊक होतं. दुसऱ्याच उन्हाळ्यात तो नुसता गुरगुरायला लागला. गारवा बेताचा, विजेचं बिल मात्र फुगलेलं, आणि सासूबाईंना सकाळी उठल्याबरोबर शिंकांवर शिंका. ह्यांनी कुठून तरी नंबर मिळवून एका माणसाला बोलावलं. त्याने खालूनच वर पाहिलं आणि सांगितलं, "गॅस संपलाय ताई, भरावा लागेल." आम्ही बापडे हो म्हणालो. खोली गार झाली, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

मग एके दिवशी शाळेतून आल्यावर मीच स्टुलावर चढले. पुढचं झाकण उचललं, तर आत जाळी दिसेचना. तिच्यावर धुळीची राखाडी गोधडी पसरली होती. आमची सगळी हवा रात्रभर त्या गोधडीतून गाळून येत होती म्हणायची!

ही जाळी काढून धुणं अगदी आपल्या हातचं काम आहे. आधी एसी भिंतीवरच्या मोठ्या बटणावरून बंद करा. नुसत्या रिमोटवर विसंबू नका. झाकण दोन्ही कडांना धरून वर उचललं की जाळ्या जराशा वर ढकलून खाली ओढता येतात. ज्या बाजूला धूळ बसली असेल तिच्या उलट बाजूने नळाचं पाणी सोडा, म्हणजे धूळ सुटून पडते. समोरून पाणी मारलं तर ती छिद्रांत आणखी घट्ट बसते. आपल्या लहान घरांत फोडणीचा धूरही तिथवर पोचतो आणि तेलकट धूळ नुसत्या पाण्याने निघत नाही. त्यासाठी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जाळी दहा मिनिटं बुडवून ठेवावी. कढत पाणी नको, तारेची घासणी तर मुळीच नको. सावलीत खडखडीत वाळवून मगच बसवा. उन्हात प्लॅस्टिक वाकडं होतं आणि ओली जाळी बसवली तर कुबट वास येतो.

उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करावं. समोर बांधकाम चालू असेल, आणि लालबाग-परळला कुणाच्या समोर ते चालू नसतं, तर आठवड्याला. मी एकादशी धरली आहे. पंधरवड्याला एक येतेच, आणि सासूबाई ती विसरत नाहीत.

जाळीच्या मागे जे पातळ पत्र्यांचं दाट पान दिसतं, तिथे मात्र आपला ब्रश चालवू नका. ते पत्रे कागदासारखे वाकतात. ते आणि आतला गोल पंखा वर्षातून दोनदा जाणत्या माणसाकडून धुऊन घ्यावेत. एकदा फेब्रुवारीअखेर आणि एकदा पावसाळा सरल्यावर. एसी लावताच ओल्या पोत्यासारखा वास आला, तर पंखा घाण झाला आहे असं समजा.

आता पाण्याची गोष्ट. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द मुळी कापडगिरण्यांतला. स्टुअर्ट क्रेमर नावाच्या अमेरिकन इंजिनियराने १९०६ साली तो गिरणीतल्या हवेसाठी वापरला. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवायची. आमचे मामंजी १९८२ च्या संपापर्यंत साचेखात्यात होते. सदरा कसा दिवसभर पाठीला चिकटलेला असायचा, ते अजून सांगतात. घरातला एसी काम करतो ते नेमकं उलटं. मुंबईच्या दमट हवेतलं पाणी तो काढून घेतो. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच त्या गार पत्र्यांवर सुटतं आणि नळीवाटे बाहेर जातं. त्यात धूळ मिसळली की शेवाळासारखा गाळ होतो, नळी तुंबते आणि धार भिंतीवरून थेट गादीवर! तेव्हा आतून पाणी गळायला लागलं की एसी मोडला असं समजून घाबरू नका, आधी नळी बघायला सांगा. नळीला सलग उतार हवा, मध्ये झोळ नको आणि तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको. शिवाय ते टोक कुणाच्या दोरीवर येतं आहे हेही पाहा. माझ्या माहेरी गिरगावात वरच्या बिऱ्हाडाचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांवर पडत होतं. तो अबोला गणपतीपर्यंत टिकला होता.

आणि तो 'संपलेला' गॅस? अहो, तो स्वयंपाकाचा गॅस नव्हे जळून संपायला! तो तांब्याच्या बंद नळ्यांतून आत-बाहेर फिरत राहतो. कमी झाला तर कुठे तरी गळती आहे एवढाच अर्थ. ती शोधून बुजवल्याशिवाय वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आमच्याकडे नंतर आलेल्या मुलाने जोडावर साबणाचा फेस लावला आणि बुडबुडे आम्हाला दाखवले. जोड नीट केला, नळ्यांतली हवा पंपाने पूर्ण ओढून काढली आणि मग गॅस वजनावर मोजून भरला. कोणता गॅस, किती ग्रॅम, हे बाहेरच्या डब्यावरच्या पट्टीवर छापलेलं असतं. आपण ते वाचून दाखवलं की बोलणं आपोआप सरळ होतं. अलीकडच्या पुष्कळ एसींत आर-३२ असतो. तो थोडाफार पेट घेणारा आहे, म्हणून काम चालू असताना खोलीत निरांजन, उदबत्ती काही नको. नळीवर बर्फ धरलेला दिसला तर एसी बंद करून आधी जाळी तपासा. ती स्वच्छ असेल तरच माणूस बोलवा.

बिलाचं थोडक्यात सांगते. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. आम्ही २६ वर ठेवून छताचा पंखा बारीक लावतो. १८ वर लावून गोधडी पांघरणाऱ्यांना काय म्हणावं!

राहता राहिला बाहेरचा डबा, आणि खरं तर याच्यासाठीच मी आज लिहायला बसले. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्याचे पत्रे खातात, आणि ज्या लोखंडी घोडीवर तो बसवलेला असतो तीही. पावसाआधी घोडी आणि तिचे बोल्ट गंजले आहेत का ते तपासून घ्यावं. खालून माणसं जातात. डब्यावर कपडे वाळत घालू नका, त्याला श्वास घेऊ द्या. कबुतरांनी घरटं केलं असेल तर वाळकी विष्ठा झाडूने उडवू नका. नाकाला फडकं बांधा, ती ओली करा आणि मग पुसा. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली केवढा गदारोळ झाला, तो छातीच्या विकारांवरूनच ना!

तर तो मुलगा बाहेरचा डबा धुवायला म्हणून खिडकीतून पाय टाकून सज्जावर उतरायला निघाला. सज्जा जेमतेम दीड वीत. खाली चौदा मजले. कमरेला काही नाही. मी "सांभाळून रे" म्हणाले, म्हणजे जे सगळेच म्हणतात तेच. सासूबाई मात्र पलंगावरून उठल्या आणि त्याचा शर्टच धरला. "पट्टा कुठाय तुझा?"

"रोजचं काम आहे आजी. पाच मिनिटांत होतं."

"तुझ्या आईला विचारून ये, मग उतर."

तो हसला, पण आत आला. त्या दिवशी काम झालं नाही. ह्यांनी थोडी कुरकुर केली. सोसायटीत विचारलं तेव्हा कळलं, की आमच्या सगळ्या इमारतीचे डबे असेच दोरीवाचून धुतले जात होते आणि आम्ही सगळ्या आत चहा टाकत होतो. आता सोसायटीने नियम केला आहे. पट्टा असल्याशिवाय आणि सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय बाहेर उतरायचं नाही. पट्ट्याचा आकडा खिडकीच्या गजाला न अडकवता भिंतीत पक्क्या बसवलेल्या कडीला लावायचा. त्याचे जास्तीचे पैसे पडले तरी द्यायचे. तुम्ही नवा एसी बसवणार असाल तर डबा अशा जागी घ्या की बाल्कनीत उभं राहून हात पोचेल. नळी चार हात लांब पडली तरी चालेल.

दोन दिवसांनी तो मुलगा पट्टा, दोर आणि जोडीदार घेऊन आला. काम वीस मिनिटांचं. तेवढा वेळ सासूबाई खिडकीजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. तो आत आल्यावरच त्यांनी मला कोकम सरबत करायला सांगितलं.